लाइन गेल्यावर

लाइन गेली की गावभर एकच शिवी उठते,
जिनिंगच्या फाटकापासून थेट मारोतीच्या पारापर्यंत.
मी मात्र रिवाइंडिंगच्या दुकानात
जळकी मोटार बाजूला सरकवतो
आणि हेडफोन कानावर चढवतो.
आता पंप बंद, स्टार्टर बंद,
शालिकच्या चक्कीची करकर बंद,
अंगणवाडीपुढचा तो बिघडलेला एलईडी,
जो रोज संध्याकाळी माझ्या कानात भजी तळतो,
तोही बंद.
ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर माझा डबा उजळतो
आणि खरखरीच्या तळातून
जग हळूहळू वर यायला लागतं,
विहिरीत उतरलेल्या माणसाचा आवाज यावा तसं.

तार माझी जळक्या मोटारींचीच.
चार पदर एकत्र पिळले, चटका बसेस्तोवर डाग दिले,
एक टोक हिवराला, दुसरं पाण्याच्या टाकीला.
रत्नमाला आता तिच्यावर गोधडी वाळत घालत नाही.
कोतवाल बसतो, शेपटी दुभंगून;
त्याला चौदा मेगाहर्ट्झशी काय करायचं.
अर्थिंगचा रॉड काळ्या मातीत सहा फूट.
उन्हाळ्यात जमीन फाटली
की त्याच्या बुडाशी बादलीभर पाणी ओततो.
"झाड लावलं का जी तिथं?" पोरं विचारतात.
हाव, म्हणतो.

"पन बोलता काय तुमी?" शालिकला भारी उत्सुकता.
काही नाही रे. नाव. गाव. आवाज कसा येतो ते.
हवामान.
अंटार्क्टिकावरच्या एका स्वयंपाक्याला मी सांगितलं, पंचेचाळीस.
तो म्हणाला, इकडे उणे बत्तीस.
दोघांनीही आकडा पुन्हा विचारला,
मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.
आठ महिन्यांनी त्याचं कार्ड आलं.
टपालवाल्या निकिता उईकेनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून
त्यावरचा पेंग्विन आधी स्वतः पाहून घेतला.

"मंग फोनच लाव ना लेका, तोंडबी दिसते."
खरं आहे. पण फोनला नंबर लागतो, शालिक.
मला ज्यांच्याशी बोलायचंय
ते कोण आहेत, हेच मला माहीत नाही.

शाळेतल्या पृथ्वीच्या गोळ्यात
मी एकदा दाभण खुपसून पाहिलं होतं,
आमच्या गावातून आरपार.
दाभण निघालं पॅसिफिकच्या निळ्यात.
(गोळ्याचे पैसे भरून दिले, हेडमास्तर अजून सांगतात.)
त्या भोकाच्या जवळात जवळची जमीन
म्हणजे ईस्टर नावाचं बेट.
तिथं कोणीतरी आहे, क्वचित कधी मोर्सची की वाजवतं.
सात वर्षं मी त्याच्या मागावर.

चैत्र होता. लाइन गेलेली.
इथला सूर्य पऱ्हाट्यांच्या ढिगाऱ्यामागं अर्धा बुडालेला,
म्हणजे तिथला अर्धा निघालेला.
एवढ्याच उजेडात ती वाट उघडते, पाव तास, कधी तेवढीही नाही.
आणि तो आला,
लाकडात किडा कुरतडावा इतका बारीक.
वर जपानी, इटालियन, सगळ्यांची झुंबड.
मी की वर बोट ठेवलं. नाव टाकलं. थांबलो.
पुन्हा टाकलं.
घाम कोपरावरून टेबलावर.
नवव्या वेळी झुंबड क्षणभर दबली
आणि पृथ्वीच्या पाठीमागून स्वच्छ आलं:
व्हीयू,
आणि पुढं प्रश्नचिन्ह.

व्हीयू म्हणजे भारत. तेवढंच पोचलं होतं.
बाकीची अक्षरं वाटेत कुठं सांडली होती.
मी श्वास धरून ती पहिल्यापासून वाजवायला घेतली,
एक झालं, दुसरं अर्ध्यात,
आणि साऱ्या गावानं आरोळी ठोकली,
"आली! आली!"
चक्की घरघरली, चौदा पंप एकदम उठले,
अंगणवाडीपुढं भजी पडली तेलात.

रत्नमाला दारात चहा घेऊन.
"कोन व्हतं?"
"तेच तर तो विचारत होता."
"मंग? सांगतलं नाई?"
"सांगतच होतो," म्हटलं.